खोटं बोलणारा तोंडावरून ओळखता येतो का?

विचारलंय ते थोडक्यात असं. हार्डवेअरचं दुकान आहे, काही महिन्यांपासून रात्री गल्ला मोजला की पैसे कमी भरतात, कधी पाचशे कधी हजार. काउंटरला दोन पोरं. विचारलं की एक जण मान खाली घालतो, त त प प करतो, कपाळावर घाम येतो त्याच्या, आणि दुसरा सरळ डोळ्यात बघून "नाही शेठ, मी हातच लावला नाही" म्हणून मोकळा. युट्यूबवर सांगतात त्याप्रमाणे पहिला खोटं बोलतोय असं वाटतंय, तर बॉडी लँग्वेजवरून पक्कं कसं ओळखायचं आणि त्याला कामावरून काढू का.

काढू नका. म्हणजे पैसे घेताना सापडला तर काढालच, पण मान खाली घातली म्हणून काढू नका.

माझं काम मोटर इन्शुरन्सच्या क्लेमची चौकशी करण्याचं. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली असं सांगून क्लेम टाकला आणि कंपनीला काही खटकलं की फाइल आमच्याकडे येते, मग आम्ही स्पॉटवर जातो, गॅरेजला जातो, गाडीमालकाचं आणि ड्रायव्हरचं स्टेटमेंट घेतो. बरीच वर्षं झाली यात. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं खोटं म्हणजे ड्रायव्हर बदलणं, गाडी चालवत होता लायसन्स नसलेला पुतण्या किंवा दारू प्यायलेला मित्र आणि क्लेम फॉर्मवर नाव टाकलं लायसन्सवाल्या काकाचं. त्यामुळे समोर बसून खोटं ऐकणं हे माझं रोजचंच आहे आणि चेहरा बघून सांगतो असं म्हणणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही, मग तो आमच्या लाइनमधला सीनियर का असेना.

यावर लोकांनी नीट अभ्यास केलेला आहे. २००६ साली बाँड आणि डीपॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंत झालेले २०० च्या वर अभ्यास एकत्र केले, त्यात मिळून २४ हजारांहून जास्त माणसांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं ते ओळखायचा प्रयत्न केला होता. बरोबर किती? शंभरात ५४. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आलेच असते. त्यातही गंमत अशी की खरं बोलणारे ६१ टक्के वेळा बरोबर ओळखले आणि खोटं बोलणारे फक्त ४७ टक्के, म्हणजे खोटं पकडण्यात आपण नाण्यापेक्षाही मागे. आणि पोलीस वगैरे लोकांचा निकाल सगळा मिळून बघितला तर कॉलेजच्या पोरांपेक्षा काही वेगळा नाही, फरक इतकाच की आपलं बरोबरच आहे याची त्यांना खात्री जास्त असते. ही खात्रीच जास्त घातक असं मला वाटतं.

त्याच डीपॉलो बाईंनी २००३ मध्ये दीडशेच्या वर लक्षणं तपासली होती, नजर, हात, पाय, आवाज, पापण्या, थांबणं, सगळं. बहुतेकांचा खोट्याशी संबंधच नाही किंवा असला तर इतका बारीक की समोर बसलेल्या एका माणसाबद्दल त्यावरून काहीच ठरवता येत नाही. नजर चुकवणं तर अजिबातच नाही. आणि तरीही जगभर अनेक देशांमधे लोकांना विचारलं की खोटारडा कसा ओळखाल तर सगळ्यात जास्त वेळा उत्तर येतं, तो डोळ्यात बघत नाही.

आता साधा विचार करा ना, ही समजूत खोटं बोलणाऱ्यालाही माहीत असते. त्याला माहितीये शेठ डोळ्याकडे बघणार, मग तो मुद्दाम डोळ्यात बघूनच बोलणार. आणि आपल्याकडे तर उलटंच आहे, गावाकडच्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मोठ्या माणसाशी बोलताना नजर खाली, वर बघून बोललास तर उद्धट. मी मराठवाड्यातल्या कितीतरी ट्रक ड्रायव्हरांची स्टेटमेंटं घेतलीत, टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत उत्तरं देतात आणि सगळं खरं असतं. तुमचा पहिला मुलगा कुठला आहे, किती शिकलाय, घरी कोण कमावतं, नोकरी गेली तर काय होईल हे आधी बघा, कारण घाम त्या काळजीचाही असू शकतो.

मुद्दा हा आहे की शरीरावर दिसते ती भीती, ताण. खोटं दिसत नाही. आणि भीती दोघांनाही असते, चोराला पकडले जाण्याची आणि निर्दोष माणसाला आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत याची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात खरं, पण नोकरी जाईल म्हणून घाबरलेल्या माणसाच्या मनातही तितकंच लख्ख चांदणं पडलेलं असतं. बाहेरून दोन्ही घाम सारखेच.

मायक्रो एक्सप्रेशनचं कोणीतरी काढेलच. पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव त्यात येतं, सेकंदाच्या एका तुकड्यापुरता चेहऱ्यावर दाबलेला भाव चमकून जातो असं. तसे भाव कधी कधी येतात हे खरं. पण येतो तो भाव, राग भीती तिरस्कार, आणि तो का आला हे चेहरा सांगत नाही. याच धर्तीवर अमेरिकेच्या विमानतळांवर २००७ पासून प्रवाशांचं वागणं बघून संशयित हेरायचा कार्यक्रम चालवला, त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर गेले आणि २०१३ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं की याने काही ओळखता येतं याचा पुरावा नाही, खर्चाला कात्री लावा. एवढं ट्रेनिंग दिलेल्या लोकांना जमलं नाही ते तुम्हाआम्हाला दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून कसं जमणार.

डोळे उजवीकडे वर गेले की खोटं, डावीकडे गेले की आठवण, हे पण सोडा. २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी ते तपासलं, काही निघालं नाही. आणि संवादात ५५ टक्के बॉडी लँग्वेज असते हा जो आकडा प्रत्येक सॉफ्ट स्किलच्या सेमिनारमध्ये स्क्रीनवर येतो ना, तो मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या प्रयोगांतला, त्यात मुद्दा होता आवडनिवड आणि भावना कशा पोचतात एवढाच. खोटं ओळखण्याशी त्याचा संबंध नाही आणि सगळ्या बोलण्याला तो लावू नका असं खुद्द मेहराबियन सांगतात. पण ट्रेनर लोकांना कोण सांगणार, त्यांचा त्यावर धंदा आहे.

मग मी समोरच्याकडे बघतच नाही का? बघतो. पण निकाल द्यायला नाही, पुढचा प्रश्न कुठे विचारायचा ते कळायला. माणूस इतका वेळ मोकळा बोलत होता आणि "गाडीत अजून कोण होतं" म्हटल्यावर एकदम आखडला, पाणी मागितलं, तर मी मनात एवढीच खूण करतो की इथे काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे गाडीत बायको सोडून दुसरी बाई होती असंही निघतं, आणि त्याचा क्लेमशी काडीचा संबंध नसतो. क्लेम खरा, माणूस खरा, फक्त लपवायचं भलतंच.

खोटं सापडतं ते बोलण्यात. त्याने काय सांगितलं, किती बारकाईने सांगितलं, आणि ते बाहेरच्या कुठल्या गोष्टीशी जुळवून बघता येतं का. बाकी सगळं बाजूला ठेवा.

एक नमुना सांगतो म्हणजे कळेल, ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदललेत. सोलापूर हायवेवर रात्री गाडी डिव्हायडरला धडकलेली, पुढच्या दोन्ही एअरबॅग फुटलेल्या. ड्रायव्हर म्हणून नाव पन्नाशीच्या गाडीमालकाचं. घरी गेलो, माणूस एकदम शांत, चहा सांगितला, डोळ्यात बघून सलग सगळं सांगितलं, कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला, गाडी खेचली गेली, धडक. मध्ये कुठे अडखळणं नाही. त्याचा विशीतला पुतण्या दाराशी उभा, सारखा मोबाइल चाळतोय. बॉडी लँग्वेजवाल्यांनी काकांना शंभर मार्क दिले असते.

मी विचारलं, एअरबॅग उघडल्यावर आत काय झालं? काका म्हणाले, "उघडली म्हणून वाचलो बघा, देवाची कृपा." बरं, म्हटलं, मग पुढे? "पुढे काय, उतरलो खाली."

आता ज्याच्या तोंडासमोर एअरबॅग फुटलेली असते तो माणूस न विचारता काय सांगतो माहितीये? बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, कान बधिर झाले, गाडीत पांढरा धूर भरला आणि जळल्यासारखा वास आला, वाटलं गाडी पेटली. ती पावडर असते आणि एअरबॅग फुगवणाऱ्या रसायनाचा वास, पण त्या माणसाला तेव्हा ते ठाऊक नसतं, त्यामुळे तो आग लागली म्हणून दार उघडायला धडपडतो. बहुतेक जण हे सांगतातच, हातवारे करून सांगतात. काकांच्या गोष्टीत धूर नाही, वास नाही, आवाज नाही. त्यांची गोष्ट गाडीच्या बाहेरून दिसते तशी होती, ज्याने नंतर येऊन फुटलेली एअरबॅग बघितली त्याची.

तेवढ्यावर मी क्लेम पाडला का? नाही. आवाज धूर विसरणारा माणूसही असू शकतो, धडकेत डोकं सुन्न झालेलं असतं. पण आता कुठे खणायचं ते कळलं. अपघातानंतर पहिला फोन कोणाला केलात? म्हणाले पुतण्याला. त्यांच्याच मोबाइलमध्ये कॉल लॉग दाखवा म्हटलं, त्यांनी आपणहून उघडला, तर त्या वेळेला पुतण्याचाच फोन त्यांना आलेला, यांनी केलेला नाही. (दुसऱ्याचे कॉल रेकॉर्ड आम्हाला काढता येत नाहीत, ते पोलिसांचं काम, आम्ही फक्त दाखवता का असं विचारू शकतो.) मग त्यांना शेवटचा टोलनाका, तिथून डिव्हायडरपर्यंत रस्ता कागदावर काढायला सांगितला, गाडी शेवटी कुठल्या तोंडाला उभी राहिली, तुम्ही कुठल्या बाजूने उतरलात. तिथे त्यांचा चहा थंड झाला. पुतण्याला दुसऱ्या खोलीत बसवून तेच काढायला सांगितलं तर त्याच्या चित्रात डिव्हायडरचं तुटलेलं टोक, मागून आलेला ट्रक, सगळं जागेवर.

सीट किती पुढे-मागे आहे तेही आम्ही बघतो, पण त्यावर फार विसंबू नका, टोइंगवाली पोरं आधीच सीट हलवून ठेवतात.

हे असं विचारणं म्हणजे माझी हुशारी नाही, यावर पण अभ्यास आहेत. ब्रिटनमध्ये पोर्ट्समथला आल्डर्ट व्राय नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांच्या गटाने २००९ मध्ये जोड्यांवर प्रयोग केला, काही जोड्या खरंच हॉटेलात एकत्र जेवलेल्या आणि काही जेवलोच असं खोटं सांगणाऱ्या. काय खाल्लं काय बोललात हे प्रश्न सगळ्यांनी आधीच पाठ केलेले असतात. पण तुम्ही कुठे बसला होतात, दरवाजा कुठल्या बाजूला होता, चित्र काढा, हे अपेक्षित नसलेले प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारले की खोट्या जोडीची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. यातून ८० टक्क्यांपर्यंत जोड्या बरोबर ओळखता आल्या. घडलेली गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी सांगायला लावायची युक्तीही त्यांचीच, रचलेल्या गोष्टीला उलटं चालताना दम लागतो. ही मी कमी वापरतो, वयस्कर माणूस उगीच गोंधळतो त्यात आणि खरा असून खोटा दिसतो.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे आपल्याकडचा पुरावा आधी न दाखवणं. स्वीडनमध्ये मारिया हार्टविग या संशोधक बाईंनी २००६ मध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींना हेच शिकवलं, पुरावा कधी काढायचा ते. न शिकलेल्यांनी ५६ टक्के बरोबर ओळखले आणि शिकलेल्यांनी ८५. माणसं तशीच आणि चोरीचा प्रसंगही तोच. चेहरा वाचायला कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

तर आता तुमच्या गल्ल्याकडे येऊ. पोरांना विचारण्याआधी तुमचं स्वतःचं घर तपासा, कारण पैसे कमी भरतात म्हणजे चोरी झाली हे अजून ठरलेलंच नाही. हार्डवेअरमध्ये परत आलेला माल असतो, प्लंबर लोकांची उधारी असते, कच्च्या चिठ्ठीवर गेलेला माल असतो, सुट्टे नाहीत म्हणून सोडलेले दहावीस रुपये असतात, आणि कॅश समजून लिहिलेलं पेमेंट प्रत्यक्षात यूपीआयने आलेलं असतं. आठवडाभर रोज दुपारी एकदा आणि रात्री एकदा गल्ला मोजा, दोन्ही पोरांना आधी सांगून मोजा. कुठल्या वेळेत आणि कोण काउंटरला असताना फरक पडतो ते लिहून ठेवा. काउंटरवरचा क्यूआर कोड तुमचाच आहे ना तेही स्वतः स्कॅन करून बघा, बरेच जण हे बघतच नाहीत आणि गिऱ्हाइकाचे पैसे नोकराच्या खात्यात जात राहतात.

कॅमेरा असेल तर फुटेज तुम्ही एकटे बसून बघा आणि बघितलं हे कोणाला बोलू नका. समजा त्यात दिसलं की मंगळवारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा सव्वादोनला दुसऱ्या पोराने, त्या डोळ्यात बघणाऱ्याने, गल्ला उघडला. लगेच "तू उघडलास ना, मी बघितलं" असं म्हणालात की संपलं, तो जागच्या जागी कारण तयार करणार, सुट्टे दिले शेठ. त्याऐवजी दोघांना वेगवेगळं, निवांत बसवून, दार उघडं ठेवून, विचारा की मंगळवारी मी जेवायला गेलो तेव्हा दुकानात काय काय झालं, पहिल्यापासून सांग. आणि गप्प बसा. मध्ये बोलू नका, आपल्याला गप्प बसता येत नाही हाच आपला मोठा प्रॉब्लेम आहे, प्रश्नातच आपण त्याला उत्तर देऊन टाकतो. त्याचं सांगून झालं की मग, कोण कोण गिऱ्हाईक आलं, काय नेलं, पैसे कसे दिले, गल्ला कोणी कोणी उघडला. तो म्हणाला की हो मी उघडला, एक जण पाचशेची नोट घेऊन आलेला, दोन एल्बो आणि टेप नेला, त्याचे सुट्टे दिले, आणि ते चिठ्ठीशी जुळलं, तर विषय मिटला. तो म्हणाला मी गल्ल्याकडे गेलोच नाही, तर अजून एकदा विचारा, नक्की ना, सुट्टे द्यायला वगैरे पण नाही? तेव्हाही नाही म्हणाला की मग फुटेज. आता तो काय सांगतो ते ऐका, आणि ते सगळं त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा.

पहिल्या पोराला विचारताना आवाज खाली ठेवा, चहा द्या, गल्ल्याचा विषय सोडून कामाबद्दल पाच मिनिटं बोला. एरवी बोलताना पण तो असाच अडखळतो का ते तेव्हाच कळेल. अडखळत असेल तर त त प प चा प्रश्न तिथेच मिटला, तो तसाच बोलतो.

लाय डिटेक्टर लावू का असंही लोक विचारतात, प्रायव्हेट एजन्स्या करतात म्हणे. ते यंत्र, म्हणजे पॉलिग्राफ, रक्तदाब, श्वास, घाम मोजतं, म्हणजे परत भीतीच. सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा अल्ड्रिच एम्स सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोनदा पॉलिग्राफ पास झाला होता आणि पकडला गेला तो १९९४ मध्ये. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने ५ मे २०१० ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय, आणि ते पोलिसांना. तुमच्या दुकानात तर विषयच येत नाही.

आणि रागाच्या भरात कोंडून ठेवणं, दोन थोबाडीत देऊन "घेतले" असं लिहून घेणं, हे चुकूनही नको. कोंडणं मारणं हा तुमच्यावरच गुन्हा होतो. आणि असा दबावाखाली लिहून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत तर नाहीच, वर घाबरलेला माणूस न केलेलंही कबूल करतो, त्यात खाली मान घालणारा सगळ्यात आधी. पैसे खरोखर मोठे असतील आणि फुटेज हातात असेल तर पोलिसात तक्रार द्या.

हे सगळं करूनही काही वेळा काहीच निघत नाही. माझ्याही कित्येक फाइली अशाच जातात, मनात शंका आहे पण हातात काही नाही, मग रिपोर्टमध्ये लिहितो की विसंगती आढळली नाही आणि क्लेम पास होतो. तुमच्या बाबतीत तसं झालं तर दोघांनाही ठेवा, गल्ल्याची चावी एका वेळी एकाकडेच द्या, चावी देता-घेताना दोघांच्या समोर मोजून सही घ्या, आणि जेवायला जाल तेव्हा गल्ल्यात दोन हजारांच्या वर ठेवू नका.